वळवणचे पाणी, धरमतरची खाडी आणि लोणावळ्यात येणाऱ्या तिसऱ्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका मासळी विक्रेत्याची तिसऱ्यांची दोन पोती वाया गेली. माल पेणकडून खोपोलीमार्गे घाट चढून सकाळी लोणावळ्यात आला. शनिवार होता, मुंबईकडची गर्दी लवकर सुरू झाली होती आणि टेम्पो घाटात दोन तास अडकला. हॉटेलच्या मुदपाकखान्यात पोते सोडले तेव्हा निम्म्या तिसऱ्या तोंड उघडून पडलेल्या आणि वास सुटलेला. हॉटेलवाल्याने माल परत केला. विक्रेत्याने बर्फवाल्याला दोष दिला, बर्फवाल्याने टेम्पोवाल्याला, टेम्पोवाल्याने घाटातल्या कोंडीला. पैसे मात्र विक्रेत्याचे गेले.

आम्ही या प्रकरणात जरा खोलात गेलो. आमचे मत असे झाले की दोष तिघांचाही थोडा थोडा असेल, पण बिघाडाची सुरुवात पोते भरण्याआधी, खाडीतच झाली होती. माल निघाला त्याच्या आधीचे तीन दिवस खाली मुसळधार पाऊस पडत होता. ही गोष्ट विक्रेत्याने विचारली नव्हती आणि पाठवणाऱ्याने सांगितली नव्हती. लोणावळा, खंडाळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या पट्ट्यात आमचे कितीतरी बांधव मासळी, बर्फ, टेम्पो आणि खानावळीच्या धंद्यात आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहोत.

मावळातला माणूस म्हणेल, समुद्राच्या पाण्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. लोणावळा सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर आहे. येथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. निसर्गाच्या नियमाने या पाण्याचा मोठा भाग इंद्रायणीतून पूर्वेला, भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जायचा. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे तलाव बांधून ते पाणी नळांतून घाटाखाली सोडले आणि १९१५ साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. पुढे १९२२ साली आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी याच रीतीने भिवपुरीला उतरले. खोपोलीत वीज करून सुटलेले पाणी पाताळगंगेत जाते. वाटेत कारखाने आणि गावे ते उचलतात. उरलेले धरमतरच्या खाडीला मिळते. म्हणजे ज्या वळवणच्या धरणावर आपण सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन जातो त्याचे पाणी वीजघराच्या चाकांवरून फिरून अखेर अरबी समुद्रात जाते, आणि पेण-अलिबागच्या खाडीतली तिसरी त्याच वाटेने, टेम्पोत बसून, उलटी वर येते.

पावसाळ्यात मात्र खाडी गोडी होते ती केवळ या पाण्याने नव्हे. अंबा, पाताळगंगा आणि कोकणातले सारे ओढे एकदम फुगतात, त्यापुढे वीजघराचे पाणी थोडेच. उन्हाळ्यात नदी एरवी जवळपास कोरडी पडली असती, तेव्हा या पाण्याचे महत्त्व जास्त. दोन्ही ऋतूंत एक गोष्ट कायम राहते. खाडीतल्या शिंपल्याला खारटपणाचे चढउतार सोसावे लागतात आणि त्याला मासळीसारखे पोहून दुसरीकडे जाता येत नाही.

शिंपला तोंड का मिटतो

तिसऱ्या, कालवे, शिनाणे, खुबे या सगळ्यांचे खाणे एकाच पद्धतीचे. पाणी एका बाजूने आत घ्यायचे, कल्ल्यांवर गाळायचे, त्यातले सूक्ष्म वनस्पती-कण पोटात घालायचे आणि पाणी दुसऱ्या बाजूने सोडायचे. चांगल्या वाढीचे कालव अनुकूल स्थितीत तासाला काही लिटर पाणी सहज गाळते. त्या पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात येते. मग ते पोषक असो, सांडपाणी असो की रोगजंतू.

खुल्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पावसाच्या पुरात खाडीच्या वरच्या भागात हे प्रमाण पार खाली येते. अंगातल्या पेशी खाऱ्या आणि बाहेरचे पाणी गोडे झाले की पाणी पेशींत शिरू लागते आणि पेशी फुगतात. शिंपल्याचा पहिला उपाय साधा आहे. तो दोन्ही कवचे घट्ट मिटून घेतो, आतले खारे पाणी जपून ठेवतो आणि भरतीची वाट पाहतो. भरतीबरोबर खारे पाणी आले की थोडे तोंड उघडतो, खातो, श्वास घेतो, पुन्हा मिटतो. कालव अशा रीतीने कित्येक दिवस काढू शकते.

दुसरा उपाय हळू चालतो. पेशींत ग्लायसिन, ॲलानिन यांसारखी अमिनो आम्ले साठलेली असतात. पाणी गोडे झाले की शिंपला ती कमी करून आतबाहेरचा तोल सांभाळतो. आता गंमत अशी की शिंपल्याच्या मांसाला जी गोडसर चव असते ती बरीचशी याच पदार्थांची. उन्हाळ्यातल्या, खाऱ्या पाण्यातल्या तिसऱ्या चवदार आणि भर पावसातल्या फिक्या, हे आपल्या कोकणी घरातल्या बायका फार पूर्वीपासून सांगत आल्या आहेत. त्यांची जीभ बरोबर आहे. पाणी गोडे होताना चव खर्च होते.

मिटून बसण्यालाही किंमत आहे. कवच बंद झाले की ताजा प्राणवायू मिळत नाही. शिंपला मग हृदयाची गती मंद करतो आणि अंगातल्या साठ्यावर प्राणवायूशिवाय जगतो. या प्रक्रियेत आत आम्ल साचते. ते मारण्यासाठी तो स्वतःच्या कवचातला चुना थोडा थोडा विरघळवतो. ॲसिडिटीच्या पुष्कळ गोळ्यांत हाच पदार्थ, कॅल्शियम कार्बोनेट, असतो. अल्लाहने या मुक्या जीवाला औषधाची डबी अंगाभोवतीच बांधून दिली आहे. पण डबीही अखेर रिकामी होते. तीन-चार दिवस मिटून बसलेला, साठा संपत आलेला शिंपला जेव्हा पोत्यात भरला जातो तेव्हा तो बाहेरून अगदी ताजा दिसतो. तोंड घट्ट मिटलेले, वास नाही. पाटी उचलणाऱ्याला शंका येण्याचे कारणच नसते. आमच्या विक्रेत्याच्या दोन पोत्यांचे आमच्या समजुतीप्रमाणे हेच झाले.

आतले भाडेकरू

शिंपला एकटा राहत नाही. त्याच्या कल्ल्यांवर, आतड्यात, रक्तात आणि कवचातल्या पाण्यात असंख्य जिवाणू राहतात. जंतू म्हटले की आपण लगेच रोग समजतो, तसे नाही. यांतले काही अन्न पचवायला मदत करतात, काही इतर उपद्रवी जंतूंना वाढू देत नाहीत. खडकावर किंवा जुन्या कवचावर जिवाणूंचा जो बुळबुळीत थर बसतो त्याच्या खुणेवरून कालवांची आणि शिनाण्यांची पोहणारी पिल्ले बसायची जागा निवडतात. काही शिंपले तर जिवाणूंशिवाय जगूच शकत नाहीत. लाकडी होडीचा तळ पोखरणारा किडा म्हणून तांडेल मंडळी ज्याला शिव्या देतात तो खरे म्हणजे किडा नसून लांबट अंगाचा शिंपलाच आहे. त्याच्या कल्ल्यांतले जिवाणू लाकूड पचवण्याचा रस पुरवतात. नुसत्या लाकडावर जगायचे तर नायट्रोजन कमी पडतो, तोही हे जिवाणू मिळवून देतात.

निरोगी शिंपल्याच्या रक्तातल्या पेशी उपद्रवी जंतूंना गिळून टाकतात. त्यामुळे घरमालक सशक्त असतो तोवर भाडेकरू आपापल्या खोलीत असतात. उष्णता वाढली, पाणी गोडे झाले, प्राणवायू कमी पडला की मालक अशक्त होतो आणि भाडेकरूंपैकी जे दांडगे आहेत ते घर ताब्यात घेतात. फ्रान्समध्ये २००८ पासून कालवांची लहान पिल्ले शेतीच्या शेती मरू लागली तेव्हा एका विषाणूवर ठपका आला. २०१८ साली संशोधकांनी दाखवले की तो विषाणू आधी कालवाची प्रतिकारशक्ती खच्ची करतो, आणि त्यानंतर इतर जिवाणू रक्तात घुसून त्याला मारतात. आजार दोन पायऱ्यांनी येतो हे व्यापाऱ्याने नीट लक्षात घ्यावे. आपल्याकडे माल खराब झाला की शेवटची पायरी, म्हणजे बर्फ आणि टेम्पो, तेवढीच दिसते.

दांडग्या भाडेकरूंत माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचे घराणे व्हिब्रिओचे. पटकीचा जंतू याच घराण्यातला. दुसरा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस, जो जुलाब, उलट्या, पोटात कळा आणि ताप आणतो. तो १९५० साली जपानमध्ये ओसाकाजवळ झालेल्या विषबाधेतून प्रथम ओळखला गेला. त्याची एक नवी जात १९९६ साली कोलकात्यात आढळली आणि तेथून पुढे जगभर पसरली. तिसरा व्हिब्रिओ व्हल्निफिकस. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांना तो जिवावर बेतू शकतो. हे जंतू सांडपाण्यातून यावेच लागतात असे नाही. ते खाडीचे आणि समुद्राचे मूळ रहिवासी आहेत. त्यांना ऊब आवडते आणि बहुतेकांना फार खारे नाही असे पाणी मानवते. स्वच्छ दिसणाऱ्या खाडीतही ते असतात, म्हणून “आमच्याकडचे पाणी काचेसारखे आहे” या विक्रेत्याच्या बोलण्याला फारसा अर्थ नाही.

समुद्र तापल्यावर काय होते याचे ठळक उदाहरण २००४ साली अलास्कात घडले. तेथील थंड पाण्यातली कालवे कच्ची खाणे सुरक्षित समजत. त्या उन्हाळ्यात पाण्याचे तापमान १५ अंश सेल्सियसच्या वर गेले आणि एका पर्यटक जहाजावरचे प्रवासी याच पॅराहिमोलिटिकसने आजारी पडले. आपल्याकडचे पाणी त्याहून बाराही महिने अधिक उबदार. पुण्याला पाषाण येथे असलेल्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी हिंदी महासागराच्या नोंदी तपासत असतात. त्यांच्या हिशोबाप्रमाणे १९५० ते २०२० या काळात हा महासागर शतकाला सुमारे १.२ अंश या गतीने तापला. आकडा लहान वाटतो, पण जंतूंच्या वाढीला आणि वादळांनाही तो लहान नाही. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने घाट ओलांडून मावळातली घरांची पत्रे आणि फुलांची हरितगृहे उडवली होती, ते वाचकांना आठवत असेल.

आता घाटातल्या दोन तासांकडे येऊ. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काढलेली कालवे २६ अंशांवर ठेवली तेव्हा त्यांतले पॅराहिमोलिटिकस जंतू १० तासांत सुमारे ५० पट आणि २४ तासांत सुमारे ७९० पट झाले. २६ अंश म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यातली साधी सकाळ. थंडीत ठेवले की वाढ थांबते आणि जंतू हळूहळू थोडे कमीही होतात. म्हणजे बर्फ महत्त्वाचा आहेच. पण तो जंतूंची वाढ रोखतो, आधीच दमलेल्या शिंपल्याला पुन्हा ताकद देत नाही.

चुन्याचे घर आणि आंबट पाणी

एक सोपा प्रयोग घरी करून पाहावा. तिसरीचे कवच वाटीत ठेवून त्यावर सिरका ओतावा. बुडबुडे येतात. तो कार्बन डायऑक्साइड वायू असतो आणि कवचातला चुना विरघळत असतो. शिंपल्याची कवचे भाजून पानाचा चुना करणाऱ्या भट्टीवाल्याला हे नव्याने सांगायला नको, तो आगीने तेच करतो.

कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्याचा साधारण चौथा हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. त्याने पाणी सिरक्याइतके आंबट होत नाही, समुद्र अजून क्षारधर्मीच आहे. पण कारखानदारी सुरू होण्यापूर्वी वरच्या पाण्याचा सामू सुमारे ८.२ होता, तो आता ८.१ च्या आसपास आला आहे. या मोजमापात एवढासा फरक म्हणजे आम्लतेत जवळजवळ तीस टक्के वाढ. मोठा शिंपला यात निभावतो, फक्त कवच बांधायला त्याला जास्त ताकद खर्चावी लागते आणि मांस भरायला तेवढी कमी उरते. अडचण पिल्लांची होते, कारण जन्मल्यावर पहिल्या दोन दिवसांत त्यांना पहिले कवच तयार करायचे असते आणि गाठीला काही नसते.

याचा व्यापारी अर्थ अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात नेटार्ट्स खाडीवरच्या व्हिस्की क्रीक या पिल्ले तयार करणाऱ्या केंद्राला २००७ च्या सुमारास कळला. कालवांची पिल्ले टाक्याच्या टाक्या मरू लागली. मालकांनी आधी व्हिब्रिओ घराण्यातल्या एका जंतूला दोषी धरले आणि पाणी निर्जंतुक करण्यावर पैसा घातला. तरीही पिल्ले मरत राहिली. मग शास्त्रज्ञांच्या मदतीने पाणी तपासले, तेव्हा समुद्राच्या तळातून वर येणारे अधिक आम्ल पाणी हे मोठे कारण ठरले. उपाय काय केला? पाण्याचे सतत मोजमाप सुरू केले, पाण्यात सोडा ॲश मिसळला आणि शक्यतो दुपारनंतर टाक्या भरल्या. कारण दिवसभर उन्हात पाणवनस्पती कार्बन डायऑक्साइड खातात आणि दुपारी पाणी कमी आम्ल असते. धंदा वाचला. तेथेही पहिल्यांदा जंतूच पकडला गेला होता आणि पाण्याकडे उशिरा लक्ष गेले, हे आम्हाला आमच्या विक्रेत्याच्या हकिकतीशी फार मिळतेजुळते वाटते.

आपल्या खाड्यांत आम्लतेचे आणखी एक कारण घरचेच आहे. गावांचे आणि हॉटेलांचे मैलापाणी खाडीत गेले की जिवाणू ते कुजवतात. त्या कामात ते पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणजे प्राणवायू घटतो आणि आम्लता वाढते, दोन्ही एकाच वेळी. वरून नदीवाटे जाणाऱ्या पाण्याला हाच न्याय लागू आहे. घाटावरच्या हॉटेलवाल्याने ज्या ओढ्यात आपला मळ सोडला त्या ओढ्याची दिशा एकदा पाहून घ्यावी.

प्राणवायूचा प्रश्न खुल्या समुद्रातही आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात भारताच्या पश्चिम किनाऱ्याबद्दल महत्त्वाची माहिती प्रसिद्ध केली. पावसाळ्यात खोल समुद्रातले प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे वर सरकते. त्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या, हलक्या पाण्याची चादर पसरते, त्यामुळे खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. तळाशी राहणाऱ्या जिवांवर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ताण असतो. मासळी पळून जाते. शिंपला तेथेच राहतो. तेव्हा पाऊस थांबला, बाजार उघडला, आता माल उत्तम येणार, असा सरसकट हिशोब धरू नये.

कॅलेंडर पाहून शेती

या सगळ्यातून काही मार्ग आहे की नाही? आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच लोकांनी करून ठेवली आहे. अंटार्क्टिकावर गेलेल्या भारताच्या पहिल्या मोहिमेचे (१९८१-८२) नेते म्हणून डॉ. सय्यद जहूर कासिम यांचे नाव सर्वांना माहीत आहे. गोव्याच्या याच संस्थेचे संचालक असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तराफ्यावरून सोडलेल्या दोरांवर हिरवे शिनाणे वाढवून पाहिले आणि १९७७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोरांवरचा शिनाणा लवकर वाढतो हे त्यातून दिसले. पुढे केरळात कासरगोड जिल्ह्यात पडन्ना भागात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तंत्राने महिलांच्या गटांनी खाडीत शिनाण्यांची शेती उभी केली. त्यांचा नियम असा की पाऊस संपून पाणी खारे झाले की दोर बांधायचे आणि पुढचा पाऊस येण्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये, सगळा माल काढून घ्यायचा. पावसाशी झुंज घ्यायचीच नाही. आपल्या सिंधुदुर्गातही राज्याच्या कांदळवन कक्षाच्या आणि २०१५ पासून कांदळवन प्रतिष्ठानच्या साह्याने बचत गटांनी कालवे, शिनाणे आणि खेकडे वाढवले आहेत.

धरमतर, रेवदंडा, राजपुरीच्या खाड्यांत मात्र बहुतेक शिंपले अजून हातानेच वेचले जातात. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून कोळी आणि आगरी बायका दोन-तीन तास वेचतात, रत्नागिरीकडे आपल्या दालदी बिरादरीच्या अनेक घरांची चूल खाडी आणि समुद्रावरच चालते. घाटावर माल परत गेला की त्याचा मार अखेर त्या पाटीवाल्या बाईला बसतो. पुढच्या खेपेला तिला भाव कमी मिळतो. ती पाऊस थांबवू शकत नाही, पण पाऊस किती पडला हे तिच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

येथे एक गोष्ट नमूद करणे जरूर आहे. शाफई मसलकाप्रमाणे समुद्रातले हे जीव खाण्यास हरकत नाही, आणि कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत. हनफी मसलकात मासळीखेरीज इतर जलचर खाण्यास परवानगी नाही, कोळंबीबाबत उलेमांत मतभेद आहेत. मावळात हनफी बांधव बरेच आहेत. स्वतः न खाणाऱ्याने याची तिजारत करावी की नाही, हे त्याने आपल्या आलिमांना विचारावे. आमचे लिखाण मालाच्या गुणदोषांपुरते आहे. शिवाय लोणावळ्यातले गिऱ्हाईक बहुतांशी बाहेरगावचे, तेव्हा माल येतच राहणार.

आता घेणाऱ्यासाठी चार कामाच्या गोष्टी. फोनवर भाव विचारण्याआधी विचारावे, मागच्या तीन दिवसांत पाऊस कसा होता आणि माल खाडीच्या तोंडाजवळचा आहे की आतला. मोठ्या पावसानंतर एक-दोन भरत्या जाऊ द्याव्यात, आतल्या भागातला माल तर आणखी काही दिवस टाळावा. माल आला की मूठभर तिसऱ्या परातीत घेऊन एकमेकींवर ठोकाव्यात. जिवंत तिसरी उघडी असेल तरी मिटते. जी मिटत नाही ती टाकून द्यावी, आणि अशा फार निघाल्या तर पोतेच परत करावे. जी प्रमाणाबाहेर जड लागते तिच्यात बहुधा चिखल भरलेला असतो.

वाहतुकीत सर्वांत मोठी चूक बर्फाच्या पाण्याची. पोते थर्माकोलच्या पेटीत ठेवून वर बर्फ ओततात, बर्फ वितळतो आणि शिंपले गोड्या पाण्यात बुडतात. खाडीत ज्या पाण्यापासून तो जीव वाचवत होता तेच पाणी आपण त्याला पुन्हा देतो. ओलसर गोणपाटात माल, त्यावर प्लास्टिक, मग बर्फ, आणि पेटीला खाली भोके, एवढे केले तरी पुष्कळ माल वाचतो. हॉटेलांतही ताजे राहावे म्हणून तिसऱ्या नळाच्या पाण्यात घालून ठेवतात, ते बंद करावे. शीतपेटीत चार ते सात अंशांवर, ओल्या कपड्याखाली, कोरड्यात ठेवाव्यात.

परदेशांत शिंपले एक-दोन दिवस स्वच्छ केलेल्या खाऱ्या पाण्यात ठेवून मगच विकतात. त्याने मैल्यातले जंतू बरेचसे निघून जातात, पण व्हिब्रिओ आणि विषाणू तितके निघत नाहीत. युरोपात तर खाडीची प्रतवारी असते. १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय जंतू साधारण २३० च्या आत असतील तरच त्या खाडीचा माल थेट बाजारात जातो. आपल्याकडे लोणावळ्याला येणाऱ्या पोत्याबरोबर अशी चिठ्ठी येत नाही. म्हणून खरी भिस्त चुलीवर. कवच उघडले की झाले असे समजून भांडे उतरवू नये, उकळीत कवचे उघडल्यावरही आणखी तीन ते पाच मिनिटे शिजू द्यावे. शिजूनही न उघडलेली तिसरी खाऊ नये. लिंबू पिळून कच्ची कालवे खाण्याची नवी हौस काही हॉटेलांत आली आहे, तिच्यापासून निदान मधुमेही आणि यकृताच्या आजाराच्या गिऱ्हाइकाला दूर ठेवावे. लिंबाने हे जंतू भरवशाने मरत नाहीत.

आमच्या ओळखीच्या त्या विक्रेत्याने यंदा पेणच्या मावशींशी नवा ठराव केला आहे. जोराचा पाऊस झाला तर त्यांनी फोन करून तसे सांगायचे आणि माल पाठवायचा नाही. त्या दोन-तीन दिवसांचे त्यांचे नुकसान भरून निघावे म्हणून उन्हाळ्यातल्या मालाला तो पाटीमागे थोडा जास्त भाव देतो. हॉटेलवाल्यांना त्याने पावसाळ्यात तिसऱ्यांऐवजी पवना धरणातली गोडी मासळी लावून घ्यायला सांगितले. दोघांनी मानले, तिसऱ्याने अजून मानलेले नाही.